कपाटाचं दार आणि सहा मोकळीका

विक्रोळीच्या गोदरेजचं लोखंडी कपाट घ्या. संगणकावर त्याची जोडणी करायची, तर आधी सांगाडा एका जागी खिळवायचा. दार मात्र अजून हवेत तरंगतंय. त्याला सहा मोकळीका आहेत: तीन दिशांना सरकायचं आणि तीन अक्षांभोवती फिरायचं.

आता बिजागरीची खीळ आणि तिचं भोक एकाच अक्षावर आणा. एका फटक्यात चार मोकळीका जातात. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकवले, की वर-खाली सरकणंही बंद. उरतं फक्त फिरणं. दार सांगाड्यातून आरपार जाऊ नये म्हणून कोनाला मर्यादा घालायची, बस्स.

खरी गंमत दुसऱ्या बिजागरीत आहे. तिलाही तीच बंधनं लावली, तर हिशेब उणे चारवर जातो! तरी पडद्यावर दार मजेत फिरतं, कारण तिथले दोन्ही अक्ष तंतोतंत जुळलेले असतात. कारखान्यात ते किंचित जरी हुकले, तरी दार अडकू शकतं. म्हणून जाणते लोक दुसऱ्या बिजागरीला नवी बंधनं लावतच नाहीत. तिथे किती फरक चालेल, ते वेगळं तपासतात. शिकाऊंना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

भूमितीला बंधनं घालण्याची ही कल्पना इव्हान सदरलंडच्या 1963 च्या ‘स्केचपॅड’ या संगणकी रेखाटन-प्रणालीतच होती. सरावासाठी महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना हवाच असंही नाही. मोफत ‘फ्रीकॅड’च्या नोव्हेंबर 2024 मधल्या 1.0 आवृत्तीत जोडणीची सोय मुळातच आहे. त्यात याच दाराच्या, मूठ फिरवली की वर-खाली सरकणाऱ्या कड्या जोडून पाहा. तिथे घाम फुटतो.