वीस फुटी झाड

न्यूयॉर्कला जाऊन रॉकफेलर सेंटर न पाहणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहण्यासारखेच! तेव्हा डिसेंबरात आम्ही उभयता तेथे गेलो. ८५० फुटी इमारत मान दुखेपर्यंत पाहिली. दुकानांतल्या किमती सौभाग्यवतींनी रुपयांत करून पाहिल्या आणि मुकाट्याने बाहेर आल्या. १९३२ साली उघडलेल्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नाचगाण्यांचा खेळही पाहिला. पण मनात राहिले ते बर्फाच्या मैदानाशेजारचे नाताळचे झाड. हजारो दिव्यांनी ते नुसते झगमगत होते.

त्याची कथा मोठी हृद्य आहे. १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला. येथे व्हायचे ऑपेरागृह बारगळले. तरी धाकट्या जॉन रॉकफेलरांनी बांधकाम रेटले आणि हजारोंच्या हाताला काम मिळाले. १९३१ च्या नाताळात त्या मजुरांनी वर्गणी काढून बांधकामाच्या जागीच २० फुटी झाड उभारले, हाताने केलेल्या माळा त्यावर चढवल्या. त्या झाडापाशी रांगेने पगार घेणाऱ्या कामगारांचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

वाचकहो, बेकारीच्या त्या वर्षात हाती पडलेला पगार हीच त्यांची खरी रोषणाई!