मण्यांवर मोजलेला श्वास

बाहेरून आलेला तज्ज्ञ निघून गेल्यावर गावात काय उरते, हा स्वयंसेवी संस्थांच्या कार्याचा खरा निकष मानला, तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेचे गडचिरोली जिल्ह्यातील कार्य बारकाईने अभ्यासण्यासारखे आहे. तेथील बालमृत्यूंमागे न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, हे मोठे कारण होते. त्याची ओळख श्वासांच्या वेगावरून पटते. परंतु ज्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांनी हा वेग कसा ठरवावा, या प्रश्नावर उपाय म्हणून संस्थेने मण्यांचा श्वासमापक तयार केला. एका मिनिटाच्या वाळूघडीसोबत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर उपचार सुरू करायचे, इतकी ती रीत सोपी होती. तंत्रज्ञान म्हणजे महागडे यंत्रच, हा समज किती अपुरा आहे, हे यातून स्पष्ट होते.

पुढे 39 गावांतील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत विकसित झाली. पहिल्या 28 दिवसांतील बालमृत्यू त्यामुळे सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिकलेली स्त्री गावातच राहत असल्याने तिचे ज्ञानही गावातच राहिले, ही या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू होय. 2011 पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर नवजात बाळांच्या घरी भेटी देतात.