सूर्य कासराभर वर येऊ द्या!

उन्हाळ्यात चाळीस अंशांवरचा ताप सोसणाऱ्या सोलापूरकरास थंडीचे दिवस म्हणजे निसर्गाने दिलेली भरपाईच होय. किल्ल्यालगतची हुतात्मा बाग असो, की विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलावाचा, म्हणजेच आपल्या जुन्या कंबर तलावाचा काठ असो, या दिवसांत तेथे भल्या पहाटेपासून माणसे फिरावयास येतात. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा. ही सवय स्तुत्यच आहे. तिची वेळ मात्र बदलावयास हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जानेवारीत येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पाच वाजता निघालेला मनुष्य अंधारात आणि ऐन गारठ्यात चालत असतो. गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो व हृदयावरील भार वाढतो. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी अधिक येतात, हे वैद्यकशास्त्रास ठाऊक आहे. शिवाय थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूळ व धूर तेथेच कोंडून राहतात. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सोलापूरचे नाव आहे, हे दमेकऱ्यांनी विसरू नये.

ब्राह्ममुहूर्तावर उठावे, हे आम्हीही वर्गात मुलांना वर्षानुवर्षे सांगितले. परंतु त्या उपदेशात उठावे, एवढेच आहे. म्हाताऱ्या माणसाने काळोखात तलावाच्या निसरड्या काठी जावे, असे नाही! सूर्य कासराभर वर आल्यावर निघावे. कान व छाती झाकावी, आरंभी सावकाश चालावे आणि शक्यतो सोबत असावी. छातीत कळ आली, दम लागला वा दरदरून घाम फुटला, तर तेथेच बसावे. 'वात असेल' म्हणून घरी चालत जाऊ नये. सोबत्याने त्वरित 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नगरपालनाचेही येथे कर्तव्य आहे. बागेत दिवा हवा, पाण्याकाठी कठडा हवा आणि झाडलेला पालापाचोळा पेटविण्याऐवजी त्याचे खत व्हावयास हवे. पण दिवा लागेल तेव्हा लागो. सूर्य मात्र रोज वेळेवर येतो. त्याची तासभर वाट पाहण्यात कोणाचेच काही जात नाही. न पाहण्यात मात्र एखाद्या घराचा कर्ता जातो.