लाल गोळी आणि डाळिंबाची वाटी

गरोदर सुनेला आशाताईंनी रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या की घरात डाळिंबंही येतात. नाशिक जिल्ह्यात ती लांबून आणावी लागत नाहीत. सटाणा, देवळा, मालेगाव हा डाळिंबाचा पट्टा, तर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचे मळे. मग प्रश्न येतो: गोळी आणि फळ एकत्र चालतं का, पोटात काही बाधणार तर नाही?

चालतं. डाळिंब, द्राक्षं, पेरू, संत्रं यांपैकी कुठल्याही फळाचं लोहाच्या गोळीशी वैर नाही. मला काळजी वाटते ती वेगळीच. 'रोज डाळिंब खातेय ना, मग गोळी कशाला?' असं म्हणून गोळ्या फडताळात पडून राहतात.

डाळिंबाचा रंग लाल आहे, पण तो रंग लोहाचा नाही. अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा आहे. 100 ग्रॅम दाण्यांत लोह असतं जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. भिजवलेल्या मनुकांचंही तेच: 100 ग्रॅम मनुकांत सुमारे 2 मिलिग्रॅम, म्हणजे सकाळी खाल्लेल्या दहा मनुकांतून फार तर 0.1. याउलट गरोदरपणातल्या एका सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गोळीतलंही सगळं लोह अंगी लागत नाही, तरी ही तफावत फळांनी भरून निघणारी नाही. संपूर्ण गरोदरपणात आईच्या शरीराला सुमारे 1000 मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे फडताळातली गोळी ही किरकोळ गोष्ट नाही.

मग फळाचा उपयोग कुठे? जेवणाच्या ताटात. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं आणि धान्या-डाळींतलं फायटेट त्याला धरून ठेवतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला लोह शोषायचं तर ते फेरस रूपात लागतं. क जीवनसत्त्व हा बदल घडवतं आणि लोह विरघळलेलं ठेवतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भाताच्या जेवणाबरोबर 100 ग्रॅम पेरू दिल्यावर किशोरवयीन मुलामुलींमध्ये लोहाचं शोषण सुमारे दुप्पट झालं. जस्ताच्या शोषणात मात्र फरक पडला नाही. 100 ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, द्राक्षांत अगदी थोडं. म्हणून या कामासाठी मी द्राक्षापेक्षा पेरू किंवा आवळा सुचवेन.

गोळीचं गणित थोडं निराळं आहे. फेरस सल्फेटच्या गोळीतलं लोह आधीच फेरस असतं, त्यामुळे क जीवनसत्त्वाला फारसं काम उरत नाही. 2020 मध्ये चीनमधल्या 440 रुग्णांच्या चाचणीत नुसती गोळी घेणारे आणि सोबत क जीवनसत्त्व घेणारे, दोघांचं हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. म्हणजे घरात लिंबू नाही म्हणून गोळी टाळू नये.

लोहाच्या आड येतो तो चहा. त्यातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं. गोळीच्या आधी-नंतर एक-दोन तास चहा-कॉफी नको. कॅल्शियमची गोळीही गरोदरपणातच सुरू असते. दोन्ही एकदम गिळू नयेत, मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. मळमळत असेल तर लोहाची गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळं झालं तर घाबरू नये, ते न शोषलेल्या लोहामुळे होतं.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. सुरगाणा, पेठ, कळवण अशा आदिवासी तालुक्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. सिकलसेल किंवा थॅलेसेमियात हिमोग्लोबिन कमी असतं, पण त्याचं कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही. तपासणीशिवाय वाढवलेलं लोह अंगात साठून यकृत-हृदयाला इजा करू शकतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमची गोळी चालू असताना केळी, डाळिंब, नारळपाणी मनाने वाढवू नये. तिथे फळ आणि खनिजाची जोडी खरोखर धोक्याची ठरते.

आणि गोळ्यांची पाकिटं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गोड समजून मुलाने मूठभर गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठा.