वऱ्हाडचे ऊन आणि चार्ल्स कोरियांचे घर

मे २०२४ च्या अखेरीस अकोला जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लागू झाले. दंगलीच्या वेळी वापरायचे हे कलम जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेच्या लाटेसाठी वापरावे लागले. कामगारांना सावली आणि पिण्याचे पाणी द्या, शिकवण्यांच्या वेळा बदला, असे आदेश निघाले. त्याच्या चार वर्षे आधी, मे २०२० मध्ये, याच शहरात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. अमरावतीची गत फार वेगळी नसते. अशा वेळी चर्चा होते ती हवामानाची, झाडे तोडल्याची आणि विजेच्या भारनियमनाची. आपण ज्या घरांत राहतो त्यांची चर्चा होत नाही. माझे म्हणणे असे, की वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा निम्मा त्रास आकाशातून येतो आणि उरलेला निम्मा आपल्या डोक्यावरच्या स्लॅबमधून. या दुसऱ्या निम्म्याचे उत्तर एका गोमंतकीय वास्तुविशारदाने साठ वर्षांपूर्वी आखून आणि बांधून दाखवले होते. त्यांचे नाव चार्ल्स कोरिया. त्यांच्या गाजलेल्या कामांत अकोला-अमरावतीचे नाव नाही, तरी त्यांचा विचार मुंबईपेक्षा इथेच अधिक लागू पडतो, हे या लेखात मांडायचे आहे.

कोरियांचे घराणे मूळचे गोव्याचे, जन्म मात्र १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादचा. तेव्हा सिकंदराबादप्रमाणे वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते आणि १९०२ च्या करारानुसार कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे होते. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकून ते अमेरिकेत गेले, आधी मिशिगन विद्यापीठात आणि मग एमआयटीत. तिथली शिकवण काच, पोलाद आणि काँक्रीटच्या आधुनिकतेची होती. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले आणि लगेच साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचे काम हाती आले. १९६३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत सहा-सहा मीटरचे चौकोन एकमेकांना जोडलेले आहेत. काही छपराखाली, काही उघडे, मध्ये पाण्याचे कुंड. विटांचे खांब, कौलारू छप्पर, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा. माणूस बंद खोलीतून ओसरीत, ओसरीतून उघड्यावर आणि पुन्हा सावलीत येतो. पुढे भोपाळचे भारत भवन, पणजीची कला अकादमी, जयपूरचे जवाहर कला केंद्र, पुण्याचे आयुका अशी मोठी कामे झाली. १९८४ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचे सुवर्णपदक आणि २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. या सगळ्यांतली मूळ कल्पना साबरमतीच्या त्या चौकोनांतलीच आहे: उष्ण देशात उघड्या आकाशाखालची जागा ही घराची एक खोलीच असते, आणि ती सर्वांत स्वस्त खोली असते.

घराणे गोव्याचे असले तरी कोरियांना पोर्तुगीज वास्तुविशारद म्हणता येणार नाही. पण त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक लिस्बनमध्ये आहे: शांपालिमो प्रतिष्ठानचे संशोधन केंद्र आणि रुग्णालय, ५ ऑक्टोबर २०१० रोजी, पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या शताब्दीदिनी, उद्घाटन झालेले. टागुस नदी अटलांटिकला मिळते त्या काठावर, वास्को द गामा जिथून निघाला त्या बेलेमच्या शेजारी, एका गोमंतकीय घराण्यातल्या माणसाने इमारतींच्या मधून समुद्राकडे चढत जाणारी वाट सर्व नागरिकांसाठी मोकळी ठेवली. आरोग्यकेंद्राच्या आवारात असा मोकळा रस्ता देणे ही लहान गोष्ट नाही.

पोर्तुगालमधला दुसरा धागा वऱ्हाडसाठी अधिक कामाचा आहे. हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीला इमारतींत एक 'अस्सल पोर्तुगीज' शैली हवी होती आणि आधुनिक वास्तुविशारदांवर परकेपणाचा आरोप होत असे. त्याला उत्तर म्हणून फ्रान्सिस्को कैल दो अमाराल, फर्नांदो ताव्होरा, नुनो तेओतोनियो पेरेरा यांच्यासारख्या आधुनिकांनीच १९५५ पासून देशभरातल्या खेड्यांतल्या घरांची पाहणी केली. देशाचे सहा विभाग पाडले, प्रत्येक विभागात तिघांचे पथक गेले, घरे मोजली, आखली, छायाचित्रे काढली. १९६१ मध्ये हे काम ग्रंथरूपाने आले आणि त्यातून निघालेला निष्कर्ष सत्तेला अडचणीचा होता: एक राष्ट्रीय शैली अशी काही नाही. उत्तरेकडचे ग्रॅनाइटचे घर वेगळे, दक्षिणेकडचे चुना फासलेले मातीचे घर वेगळे, आणि हा फरक ऊन, पाऊस, दगड-मातीतून आलेला आहे. पुढे ताव्होरांचे विद्यार्थी आल्व्हारो सिझा यांनी १९७७ पासून एव्होरा शहरालगत मालागेरा ही सुमारे १,२०० घरांची वसाहत उभी केली. एव्होरा ज्यात येते तो आलेंतेझु हा पोर्तुगालचा तापलेला, कोरडा प्रदेश. सिझांनी तिथे आठ मीटर रुंद आणि बारा मीटर लांब एवढ्याच जागेत अंगणासह घर बसवले. एका शयनखोलीने सुरुवात करून कुटुंब वाढेल तसे ते पाच खोल्यांपर्यंत वाढवता येते. त्याच दशकांत कोरिया भारतात हेच करत होते. कोणी कोणाचे पाहून केले असा माझा दावा नाही. सारख्या उन्हाने दोघांकडून सारखे उत्तर काढून घेतले, हेच महत्त्वाचे.

कोरियांचे उत्तर नेमके काय होते ते अहमदाबादच्या 'ट्यूब हाऊस'मध्ये सर्वांत स्वच्छ दिसते. गुजरात गृहनिर्माण मंडळाने अल्प उत्पन्न गटासाठी स्पर्धा घेतली होती. अपेक्षा मजली इमारतींची होती. कोरियांनी दाखवले, की तेवढीच कुटुंबे तेवढ्याच जमिनीवर बैठ्या घरांत बसतात आणि प्रत्येकाला जागा अधिक मिळते. १९६१-६२ मध्ये बांधलेले हे घर जेमतेम साडेतीन मीटर रुंद आणि सुमारे अठरा मीटर लांब होते. दोन्ही बाजूंच्या लांब भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे त्यांना ऊन लागतच नाही. आतले छत उतरते. तापलेली हवा त्या उतारावरून वर सरकत आढ्याजवळच्या फटीतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून, दाराशेजारच्या झडपांतून, ताजी हवा येते. मध्ये एक छोटा चौक. यंत्र नाही, वीज नाही. पुढे १९६६ ते १९६८ च्या दरम्यान अहमदाबादमध्येच बांधलेल्या पारेख यांच्या घरात त्यांनी दोन छेद केले: दुपारच्या उन्हापासून आकाश झाकणारा उन्हाळ्याचा भाग आणि आकाशाकडे उघडणारा हिवाळ्याचा व संध्याकाळचा भाग. एकाच घरात ऋतूप्रमाणे मुक्काम हलवायचा.

आता हे वऱ्हाडशी ताडून पाहू. मराठी वाचकाला कोरिया ठाऊक आहेत ते नवी मुंबईच्या कल्पनेमुळे, कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीमुळे आणि कला अकादमीमुळे. ही सगळी दमट किनाऱ्यावरची कामे. तिथे हवा खेळती ठेवणे एवढेच घराच्या हाती असते, कारण दिवस आणि रात्र यांच्या तापमानात अंतर थोडे आणि हवेतला ओलावा जमिनीची उष्णता आकाशाकडे सहज जाऊ देत नाही. अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, आकाश निरभ्र. सूर्य मावळला की उघडी जमीन आपली उष्णता भराभर आकाशाला देऊन टाकते. चौक, अंगण, गच्ची या जागा रात्री निवतात त्या यामुळे. वऱ्हाडातल्या जुन्या घराने हे जाणले होते. जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर दिवसा उष्णता आत यायला उशीर लावी, ओसरी भिंतीवर ऊन पडू देत नसे, संध्याकाळी अंगणात सडा पडे आणि रात्री बाजा बाहेर येत. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारणे हा त्याचाच पुढचा भाग. माणूस चोवीस तासांत घरातल्या घरात जागा बदलत असे. कोरियांनी 'उन्हाळ्याचा छेद' म्हणून आखले ते हेच वागणे. त्यांनी त्याला मोजमाप दिले आणि साडेतीन मीटर रुंदीत बसवून दाखवले.

याच्या जागी आज आपण काय बांधतो? नऊ इंची किंवा त्याहून पातळ विटांची भिंत, वर पाच-सहा इंचांचा उघडा स्लॅब. हा स्लॅब दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता नेमकी रात्री खोलीत सोडतो, म्हणजे बाहेरची हवा निवायला लागते तेव्हा आतली भट्टी सुरू होते. यावर पहिला आक्षेप येतो तो कूलरचा. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, तर मग चौकाची गरज काय? उत्तर असे, की कूलरलाच खेळत्या हवेची गरज असते. आत येणाऱ्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली चिकट होते आणि गारवा संपतो. ट्यूब हाऊसचे आढ्याजवळचे तोंड हीच ती वाट. दुसरी गोष्ट पाण्याची. अकोला शहराची तहान काटेपूर्णा धरणावर भागते, आणि पूर्णेच्या दोन्ही काठच्या खारपाणपट्ट्यात तर भूजलच खारे. ते पाणी ताट्यांवर क्षारांचा थर चढवून त्या बुजवते. कूलर राहीलच, पण घराची हवा नीट असेल तर तो कमी तास चालेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आता वऱ्हाडातल्या मे महिन्यातल्या रात्रीही तीस अंशांखाली उतरत नाहीत असे दिवस येतात, मग अंगणाचा भरवसा काय? भरवसा पूर्वीइतका नाही, हे मान्य करावे लागेल. पण बाहेर तीस अंश असताना तापल्या स्लॅबखालची खोली त्याहून कितीतरी गरम असते, आणि निवड त्या दोहोंतच करायची आहे. रात्र जितकी उष्ण तितका बंद घराचा तोटा मोठा.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे आणि तो टाळता येत नाही. चौसोपी वाडा देशमुखांचा, सावकाराचा, गढी जहागीरदाराची. त्या चौकात कोणी यायचे आणि कोणी नाही, हे जातीने ठरवलेले होते. मग त्याचे गोडवे कशाला? म्हणूनच मी वाड्याचे पुनरुज्जीवन मागत नाही. कोरियांचे मोल यातच आहे, की त्यांनी चौक श्रीमंताच्या घरातून काढून अल्प उत्पन्नवाल्याच्या घरात ठेवला. १९८३ ते १९८६ या काळात नवी मुंबईतल्या बेलापूरला उभ्या राहिलेल्या त्यांच्या वसाहतीत सात घरे मिळून आठ मीटरचे एक अंगण आहे, अशा तीन गटांचे मिळून बारा मीटरचे मोठे अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या जमिनीत फार अंतर नाही. प्रत्येक घराला स्वतःचे उघडे आवार, आणि भिंती शेजाऱ्याशी सामाईक नसल्याने ज्याने त्याने आपापल्या कुवतीने वाढवावे अशी मुभा.

इथे टीकाकार बोट ठेवतात: बेलापूरची बरीच मूळ घरे पाडून तिथे दोन-तीन मजली बंगले झाले, अंगणे बुजली, मग प्रयोग फसलाच ना? मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. घरे वाढावीत हाच तर आराखड्याचा हेतू होता. जे बुजले ते जमिनीच्या किमतीमुळे आणि रहिवाशांना वाढीची दिशा दाखवणारा कोणी नसल्यामुळे. खासगी आवारे भरली तरी सात घरांमधली सामाईक अंगणे पुष्कळ ठिकाणी टिकली, हेही पाहिले पाहिजे. ट्यूब हाऊस मात्र १९९५ मध्ये पाडले गेले, आणि कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचे छत जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती चालू असताना कोसळले. आपल्याकडे आधुनिक इमारतींची निगा राखण्याची शिस्त नाही, याचा तो पुरावा आहे. उघड्या आकाशाच्या कल्पनेविरुद्धचा पुरावा तो नव्हे.

खरा अडसर नियमांत आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात दुर्बल घटकाच्या घराला ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची मर्यादा २०१५ मध्ये ठरली होती. २०१६ च्या रेरा कायद्यातली चटई क्षेत्राची व्याख्या बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळते. म्हणजे ज्या जागेत वऱ्हाडातले कुटुंब मार्च ते जून आपली संध्याकाळ आणि रात्र काढू शकते, ती जागा हिशेबात शून्य. जी हिशेबात नाही ती बांधकाम करणारा देणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली कोल्हापूरच्या पावसाला आणि अकोल्याच्या उन्हाला एकाच मापाने मोजते. तिच्यात भूखंडावरची मोकळी जागा मुख्यतः समासाच्या रूपाने, घराच्या भोवती मागितली जाते. चौकाला मनाई नाही, पण जिथे आधी चारी बाजूंनी पट्टे सोडावे लागतात तिथे लहान भूखंडावर मध्ये सोडायला उरते काय? बाजूच्या त्या अरुंद पट्ट्यात पाण्याची टाकी आणि अडगळ येते. शिवाय चारही भिंती उन्हाला उघड्या पडतात. ट्यूब हाऊसने तीच जमीन गोळा करून आत आणली होती आणि लांब भिंती एकमेकींच्या सावलीत ठेवल्या होत्या.

जमीन महाग आहे, बैठी घरे परवडणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप मुंबईचा आहे, तो मुंबईलाच लागू ठेवावा. अमरावती आणि अकोला आजही बहुतांशी बैठ्या आणि दोन-तीन मजली घरांची शहरे आहेत. काळ्या जमिनीचीही इथे अडचण आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना भेगा पाडते. हलके बैठे घर खोल पाया आणि मजबूत जोत्यावर बसवणे मजली इमारतीपेक्षा सोपे नाही, हे स्थापत्य अभियंते सांगतील आणि ते ऐकले पाहिजे. पण पाया दोघांनाही लागतोच. तो कसा घालायचा हे तंत्र आज माहीत आहे, आणि सामाईक भिंतींमुळे त्याचा खर्च दोन घरांत वाटला जातो.

म्हणून पोर्तुगीजांची ती पाहणी मला कोरियांच्या कुठल्याही एका इमारतीइतकीच महत्त्वाची वाटते. अठरा माणसांनी एक देश मोजला. अमरावती विभागात जिल्हे पाच. प्रत्येकी तीन शिकाऊ वास्तुविशारदांचे पथक, एक उन्हाळा आणि एक हिवाळा. मेळघाटातले कुडाचे घर, अचलपूर-बाळापूरच्या गल्ल्यांतली माडी, खारपाणपट्ट्यातले धाब्याचे घर आणि गेल्या दहा वर्षांत उठलेली घरकुले, असे चार प्रकार जरी घेतले तरी पुरे. प्रत्येकात छताखाली, ओसरीत आणि उघड्यावर, दुपारी तीन, रात्री दहा आणि पहाटे पाच या वेळांचे तापमान नोंदवावे, आणि घरातली माणसे त्या त्या वेळी कुठे असतात तेही लिहावे. ही आकडेवारी हाती असेल तर दोन मागण्या नगररचना खात्यापुढे ठेवता येतील: वऱ्हाडातल्या घरकुलांत उघड्या जागेचा ठरावीक हिस्सा राहत्या क्षेत्रात धरावा, आणि लहान भूखंडांवर बाजूच्या समासाऐवजी आतला चौक सोडण्याचा पर्याय मालकाला द्यावा.