अडलेल्या पायांना ठेका

कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण चालता चालता अचानक थांबतो. बहुतेकदा दाराच्या उंबऱ्यापाशी किंवा वळताना. पाय जणू जमिनीला चिकटतात. अंगात बळ असतं. बिघडलेलं असतं आतलं घड्याळ. डोपामिन हे रसायन कमी पडल्याने मेंदूतल्या 'बेसल गँग्लिया'ला हालचालींची लय सांभाळता येत नाही. मग ती लय बाहेरून द्यायची! कानावर पडणारा ठेका मेंदूतल्या इतर वाटांनी हालचालीच्या केंद्रांपर्यंत पोहोचतो आणि पाऊल उचललं जातं.

अमेरिकेत मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी 1996मध्ये रुग्णांना तीन आठवडे रोज ठेकाबद्ध संगीतावर चालवलं. त्यांचा वेग वाढला, पाऊल लांब पडू लागलं. ठेका मात्र स्पष्ट हवा. संथ आलाप मनाला कितीही गोड वाटला, तरी पायांना त्याचा फारसा उपयोग नाही. साधा मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करत लय देणारं यंत्रही चालतं, पण ती टिकटिक रोज कोण ऐकणार?

त्यापेक्षा ठेक्यावर नाचावं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2001पासून मार्क मॉरिस नृत्यसंस्था रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेते. पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार असे वर्ग घेत आले आहेत.

गोळ्या मात्र वेळेवर घ्यायच्याच.