व्यावसायिक टेनिसपटू होण्यातील आव्हाने : ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ऋतुजा भोसले व रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले. ऋतुजा यांचा जन्म श्रीरामपूरचा. तालुक्याच्या गावाशी नाते असलेल्या खेळाडूचे असे यश पाहून ग्रामीण पालकांनाही टेनिसचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पदक सर्वांना दिसते, तेथवरची वाट दिसत नाही. ती वाट कशी आहे व तिच्यात महाविद्यालयाचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायाचे स्वरूप :
आपल्या भागास परिचित असलेल्या कबड्डीत प्रो कबड्डीचा संघ खेळाडूस लिलावात घेतो. त्याचे हंगामाचे मानधन ठरलेले असते. टेनिसपटूस असा मालक नसतो. प्रवास, निवास व प्रशिक्षक यांचा खर्च त्याने स्वतः करावयाचा आणि जिंकल्यास कमवावयाचे, अशी ही रचना आहे. कुमार स्पर्धा, नंतर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) लहान स्पर्धा, चॅलेंजर आणि शेवटी मुख्य दौरा, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकी सुमारे १०४ जणांनाच क्रमवारीनुसार थेट प्रवेश मिळतो. शिवाय मिळविलेले गुण ५२ आठवड्यांनी बाद होतात. त्यामुळे दुखापतीची विश्रांतीही क्रमवारीच्या दृष्टीने महाग पडते.

आर्थिक आव्हान :
२०१९ पासूनच्या रचनेत पुरुषांच्या १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्यास २,१६० डॉलर, तर पहिल्याच फेरीत हरणाऱ्यास १५६ डॉलर मिळत. परदेश प्रवासाचा खर्चही त्यातून निघत नाही. २०१३ च्या आकडेवारीवर आधारित महासंघाच्या पाहणीनुसार, प्रशिक्षकाचा खर्च वगळूनही, पुरुषांत ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाच्या आसपास जमाखर्च जेमतेम जुळत होता. भारताचे आघाडीचे एकेरी खेळाडू सुमित नागल यांनी २०२३ मध्ये, आपल्या खात्यात केवळ ९०० युरो शिल्लक असून वार्षिक खर्च ८० लाख ते १ कोटी रुपये येतो, असे जाहीरपणे सांगितले होते. पुढे २०२४ मध्ये ते पहिल्या शंभरांत पोहोचले. पुरुषांच्या दौऱ्याने २०२४ पासून पहिल्या २५० खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली. परंतु तेथवर पोहोचेपर्यंतचा सर्व भार कुटुंबावरच राहतो.

मराठवाड्यातील अडचण :
नांदेडहून पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीचे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. उमरीच्या मुलास दर्जेदार प्रशिक्षण हवे तर घर सोडावे लागते. पण अंतराहून मोठी अडचण वयाची आहे. चौदा ते अठरा हे वय कुमार आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे. आणि नेमके हेच वय दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’चे. दोन्ही वाटा मुलाचा संपूर्ण दिवस मागतात. एकीवर अपेक्षित यश न मिळाले तरी हाती प्रमाणपत्र उरते; दुसरीवर अपयश आल्यास शिक्षणही सुटलेले असते आणि शेतीही गहाण पडण्याचा धोका असतो.

महाविद्यालयाची भूमिका :
या कोंडीतून निघणारी एक वाट विद्यापीठातून जाते. ऋतुजा भोसले अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात, तर पुण्याचे अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात शिकत असताना खेळले. तेथे विद्यापीठाच्या संघातून खेळाडूस प्रशिक्षक, मैदान व स्पर्धा मिळतात आणि सोबत पदवीही मिळते. आपल्या महाविद्यालयांकडे तेवढी साधने नाहीत. तथापि स्पर्धेच्या काळातील उपस्थितीत सवलत, हुकलेल्या अंतर्गत परीक्षेची पुन्हा संधी आणि परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मार्गदर्शन एवढे तरी करता येण्यासारखे आहे.

समारोप :
टेनिसमध्ये गुणवत्तेची कसोटी लागण्याआधी कुटुंबाच्या ऐपतीची कसोटी लागते. म्हणून पालक सल्ला विचारावयास आले असता केवळ उत्साह वाढविणे किंवा सरसकट परावृत्त करणे, दोन्ही अयोग्य होय. खर्चाचा, वयाचा आणि क्रमवारीचा हिशेब त्यांच्यापुढे स्पष्ट मांडणे व मुलाचे शिक्षण तुटू न देणे, हे प्राध्यापकाचे कर्तव्य ठरते.